साक्षीच्या हाताची बॅट

फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरची ट्यूब टाकीतल्या पाण्यात दाबून बुडबुडे कुठून येतात ते बघत होतो. फोन शाळेतल्या पुनम मॅडमचा होता. त्या मुलींना टेबल टेनिसच्या स्पर्धेसाठी हिंगोलीला घेऊन गेल्या होत्या आणि माझी बायको जनका त्यांच्यासोबत होती. "काका, मावशींच्या छातीत दुखलं," एवढं बोलून मॅडम रडायला लागल्या. मग दुसऱ्याच कुणीतरी फोन घेतला आणि सांगितलं की बाई दवाखान्यात पोचायच्या आधीच गेल्या.

समोर साखरा गावचा एक माणूस उभा होता. त्याचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला जॅकवर होता. मी ट्यूबला ठिगळ लावलं, हवा भरून दिली आणि मग दुकान बंद केलं. तसं का केलं ते मला अजून सांगता येत नाही.

कनेरगाव नाक्याला माझं पंक्चरचं दुकान आहे. जनका शाळेत खिचडी शिजवायची. दोन वर्षांपूर्वी शाळेला कुठूनतरी टेबल टेनिसचा जुना टेबल मिळाला. शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यावर तांदळाची पोती ठेवायचे. जनकानं ती पोती एकटीनं खाली उतरवली. "पोरींच्या खेळायच्या वस्तूवर तांदूळ ठेवता व्हय?" असं ती गुरुजींना म्हणाली होती. त्यानंतर रोज भांडी घासून झाली की पदर खोचून ती मुलींसोबत खेळायची. चौथी शिकलेली बाई, वय सेहेचाळीस. मोबाईलवर बघून बघून शिकली. घरी येऊन सांगायची, "आज साक्षीनं हरवलं मला." मी म्हणायचो, "बरं झालं. आता भाकरी टाक." ती कशी खेळते ते बघायला मी एकदाही गेलो नाही.

साक्षी ही शेजारच्या जिवनबाईंची मुलगी. सहावीत आहे. शाळेच्या बॅटींचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं, म्हणून जनकानं तिला शब्द दिला होता की तुझी स्वतःची बॅट मी आणून देते.

जनकाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जिवनबाई आल्या. साक्षी बाहेरच थांबली.

"काहून आत येत न्हाई ती?" मी विचारलं.

"काय सांगू भाऊ. टेबलाकडं बी फिरकत न्हाई आता. म्हणती, मावशी बॅट देणार होती, आता कोण देतंय. मी म्हणलं, नसंल खेळायचं तर शाळा सुटल्यावर माझ्यासंगं कापूस येचायला चल. तर व्हय म्हणाली. लगेच व्हय म्हणाली, भाऊ."

ते लगेच व्हय म्हणणं मला लागलं. जनकानं दोन वर्षं घालून त्या मुलीला टेबलापाशी उभं केलं होतं. तिचा शब्द आपण पुरा करायचा आणि साक्षीला पुन्हा खेळायला लावायचं, असं मी ठरवलं.

हिंगोलीत हरीशचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. मी तिथं गेलो.

"शिकणाऱ्या पोरीसाठी बॅट पाहिजे."

"तयार देऊ का काका, का लाकूड अन् रबर वेगवेगळं?"

"वेगळं दे. मी चिकटवतो."

"जमंल?"

"तुझा बाप शाळेत जात होता तवापासून रबर चिकटवून राहिलो मी."

हरीश हसला आणि त्यानं चार-पाच रबरं मांडली. मी टायर बघतो तसं ती बघितली. अंगठ्यानं दाबली, नखानं ओढली, चेंडू टाकून पाहिला. ज्याच्यावरून चेंडू सगळ्यात उंच उडाला ते बाजूला काढलं.

"काका, हे शिकणाऱ्याचं न्हाई. लई फास्ट आहे."

"चांगलं हाय का खराब?"

"चांगलंच आहे, पण..."

"मग तेच दे."

जनकाच्या शब्दाला हलकी वस्तू नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

घरी आल्यावर ट्यूब घासतो तसं लाकूड घासलं. पंक्चरचं सोल्युशन लावलं, वाळू दिलं, पुन्हा लावलं. रबर बसवून वरून हातोडीनं हलकं ठोकलं. सकाळी पाहिलं तर रबराखालचा स्पंज फुगून वर आला होता. मला वाटलं, बरंच झालं, आता आणखी उसळेल.

दुपारी बॅट घेऊन शाळेत गेलो. साक्षीला बोलावलं. तिनं बॅट दोन्ही हातांत घेतली, वास घेतला, आणि किती दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं. समोर खेळणाऱ्या मुलींतली वैष्णवी उभी राहिली. साक्षीनं पहिला चेंडू मारला तो भिंतीला लागला. दुसरा स्वयंपाकखोलीच्या पत्र्यावर. तिसरा खिडकीतून बाहेर.

"काका, चेंडू वाशिमला गेला!" वैष्णवी ओरडली. सगळ्या मुली हसल्या.

साक्षीनं आणखी दहा-बारा मारले. एकही टेबलावर पडला नाही. मग तिनं बॅट जपून टेबलावर ठेवली.

"चांगली हाय, काका. पर ही मला इचारत न्हाई. आपल्या मनानंच मारती."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण माझं मन मोडू नये म्हणून ती चांगली हाय म्हणत होती. मी टेबलाशेजारी बसलो आणि विचारलं, "मावशी काय म्हणायची, कशी बॅट पाहिजे?"

मग तिनं सांगितलं. जनका म्हणायची, पहिल्या बॅटीनं आपली चुगली केली पाहिजे. हात वाकडा गेला की लगेच कळलं पाहिजे. फास्ट बॅटीचा चेंडू चुकलं तरी पळतो आणि बरोबर मारलं तरी पळतो, मग शिकायचं कशावरून? म्हणून रबराला पकड पाहिजे, पण खालचा स्पंज पातळ पाहिजे. आणि बॅट हलकी पाहिजे, म्हणजे मनगट दुखत नाही.

"अन् दांडा?" मी विचारलं.

"दांडा तर मावशी पिठानं बघायची. हात पिठात घालायचा अन् दांडा धरायचा. सोडला की कुठं पीठ लागलं ते बघायचं. लागलं न्हाई तिथं बोट उगंच हवेत ऱ्हातं. सगळ्या पोरींचं बघितलं तिनं."

मी तीस वर्षं रबराचं काम करतो, पण असलं काही मला सुचलं नव्हतं. बॅट घ्यायला जाताना साक्षीला सोबत न्यावं, हेसुद्धा सुचलं नव्हतं.

रविवारी साक्षी, जिवनबाई आणि मी एसटीनं हिंगोलीला गेलो. हरीशनं फुगलेली बॅट हातात घेतली, वास घेतला आणि डोक्याला हात लावला.

"पंक्चरचं सोल्युशन? काका, जुने खेळाडू असलं मुद्दाम लावायचे, बॅट आणखी पळावी म्हणून. आता स्पर्धेत चालत न्हाई. तुमी तर लहान सायकलीला बुलेटचं इंजिन बसवलं!"

"बसवलं खरं," मी म्हणालो. "आता ही सांगंल ते दे."

साक्षी आधी लाजली. मग हळूच म्हणाली, "कॅरमची पावडर हाय का?"

हरीश तिच्याकडे बघतच राहिला. "तुला कोणी सांगितलं हे? दिवाळीआधी एक बाई आली होती. अशीच पावडर मागितली. हाताला लावून दुकानातल्या सगळ्या बॅटींचे दांडे धरून बघितले. तास-दीड तास उभी होती. मी म्हणलं, मावशी, तुमी कोच आहे का? म्हणली, न्हाई, खिचडी शिजवते. अन् घेतलं काहीच न्हाई. म्हणली, पोरीला घेऊन येते, हात तिचा पाहिजे."

जिवनबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आमच्या ह्या भाऊंचीच मंडळी," त्या म्हणाल्या. "गेली ती."

हरीशनं पावडरीचा डबा उघडून साक्षीसमोर ठेवला.

साक्षीनं सहा दांडे धरून पाहिले. मध्ये बारीक आणि खाली पसरट असा एक दांडा होता, त्यावर तिच्या हाताचा पूर्ण ठसा उठला. रबरं बघताना तिनं उंच उसळणारी लगेच बाजूला केली. जे घेतलं ते मी पहिल्या दिवशी हातातसुद्धा धरलं नव्हतं. हरीशनं ते पाण्याच्या गोंदानं चिकटवलं. मी शेजारी उभा राहून बघितलं. मग साक्षी तिथंच बॅटीवर चेंडू उडवायला लागली. चाळीस झाले तरी पडला नाही.

"ही ऐकती, काका," ती म्हणाली.

जिवनबाई म्हणाल्या, "मग मरू दे तो कापूस."

दुसऱ्या दिवसापासून साक्षी टेबलावर येते. चेंडू टेबलावर पडतात. पण वैष्णवी आणि बाकीच्या मुलींना तीन-चारच्या वर परत देता येत नाहीत. पुनम मॅडम म्हणाल्या, "मावशी प्रत्येक चेंडू साक्षीला मारता येईल असा हळूच परत द्यायच्या, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. तसं मला जमत नाही." चार वाजता दुकान बंद करून मीही जाऊन तिच्यासमोर खेळून बघितलं. साक्षी म्हणाली, "काका, तुमी बॅट न्हाई, पाना धरून राहिले." माझे सलग पाच चेंडू टेबलाबाहेर गेले.

साक्षीला तिच्या हाताची बॅट मिळाली आहे. समोर उभं राहून तिला रोज शंभर-दोनशे चेंडू परत देणारं माणूस अजून मिळालेलं नाही.