खाणोबाचा दृष्टान्त

टेकडीआडची जुनी दगडखाण बिल्डर बुजवणार हे कळलं आणि कर्वेनगरच्या अनिरुद्ध गद्र्यांचं डोकंच फिरलं. त्या खाणीच्या भिंतीवर त्यांचा भारी जीव. वर हाताने मारलेल्या छिन्नीच्या खुणा, मधे लाल मातीचा पट्टा, त्याखाली सुरुंगाची भोकं आणि तळाशी आपल्या पिढीचं योगदान, म्हणजे राडारोडा. शेकडो वर्षं एका भिंतीत, आणि त्यावर म्हणे पार्किंग करणार!

वारसा समितीने मनावर घेतलं तर खाण वाचणार होती. गद्रे फोटो काढायला गेले. पण नुसता दगड बघून कोण हळहळतंय? म्हणून त्यांनी एक उभट दगड भिंतीशी टेकवला, मंडईतून आणलेला शेंदूर फासला आणि वर दोन झेंडू ठेवले.

"फ्रेमला जरा जिवंतपणा येतो," त्यांनी घरी बायकोला सांगितलं.

"तुम्हाला अक्कल कधी येते ते बघू," अक्षताबाई म्हणाल्या.

फोटो समितीला गेला. हौस दांडगी, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. झालं!

समिती ढिम्म हलेना, तेव्हा काही महिन्यांनी गद्रे पुन्हा खाणीवर गेले. बघतात तो पत्र्याची शेड, घंटा आणि भलामोठा फ्लेक्स: 'प्राचीन जागृत देवस्थान श्री खाणोबा'. खाली त्यांनीच काढलेला फोटो.

"या काका!" सोसायटीचा सेक्रेटरी योगेश धावत आला. आता तो देवस्थानचा अध्यक्ष होता. "बिल्डरने गाशा गुंडाळला. देवाला हात लावायची काय बिशाद त्याची!"

गद्र्यांना आनंदाने भरून आलं. मग त्यांचं लक्ष शेडच्या मागे गेलं. अर्ध्या भिंतीवर बाथरूमच्या चकचकीत टाइल्स!

"अरे, हे काय केलंत?"

"उघडाबोडका दगड काय बघायचा, काका? उरलेली भिंतही करून टाकू आठवडाभरात."

तो देव मीच बसवलाय, असं गद्र्यांना बोंबलून सांगावंसं वाटलं. पण सांगितलं तर शेड जाणार आणि मागोमाग डंपर येणार. गप्प बसलं तर टाइल्स आहेतच.

त्यांनी चपला काढल्या. आत जाऊन दगडासमोर हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. बाहेर आले ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "योगेश, देवाने दृष्टान्त दिला. टाइल पाठीला गार लागते म्हणतोय. उरलेला दगड तसाच राहू दे."

योगेश तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडला.

गद्रे घरी पोचेपर्यंत ग्रुपवर दृष्टान्ताची बातमी झालेली होती. अक्षताबाईंनी दार उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "या महाराज. पाय धुऊन आत या."