मधल्या पेल्याचा टवका

मी एक मांडणी बोलतेय. मांडणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर भिंतभर चकचकीत भांडी येतील, तसं माझ्यात काही नाही. वीतभर उंचीचा पांढऱ्या एनॅमलचा पत्रा आणि त्याला ओळीने अडकवलेले तीन पेले, एवढीच मी. पेल्यांवर निळ्या डॅनिश अक्षरांत लिहिलंय: वाळू, साबण, सोडा. आज यातलं काहीही माझ्यात नाही. तरी मी जिंकले आहे. हे सांगताना बढाई तर होत नाही ना, अशी धास्ती वाटते. जिथे जास्त वाटेल तिथे थोडं कमी करून वाचा.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी दुधासारखी होते. बंदराजवळच्या एका घरात नव्या नवरीने मला सिंकच्या वर दोन खिळ्यांना टांगलं. वाळूने ती लाकडी जमीन घासायची, साबणाने कपडे, सोड्याने तेलकट भांडी. तिचा मुलगा एवाल्ड सहा वर्षांचा असताना वाळूचा किल्ला करायला म्हणून माझ्याशी झोंबला आणि मी दगडी पायरीवर आपटले. मधल्या पेल्याच्या काठाचा टवका उडाला. आईने त्याला मारलं नाही. त्याचं बोट टवक्यावर ठेवून म्हणाली, "बघ, आता हिचाही दात पडला." त्याचाही नुकताच पडला होता.

पुढे साबणाच्या पुड्या आल्या, बाटल्या आल्या. माझी रवानगी मागच्या शेडमध्ये झाली. खिळे आणि सुतळी पोटात घेऊन मी तिथे कित्येक वर्षं काढली. ओलीने पेल्यांचे तळ गंजले, बारीक भोकं पडली. मी आता कशाच्याच उपयोगाची नाही, असं माझं मत झालं होतं. ते चुकलं, पण तेव्हा खरंच वाटत होतं.

एवाल्ड जहाजावर आचारी झाला. चाळीस वर्षांनी परत आला, बायको गेली, आणि मग डोळे गेले. पूर्ण नाही, कडेचं थोडं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं. त्याला स्वयंपाकाची अडचण नव्हती. अडचण होती ती जेवणानंतरची.

त्याची मुलगी लिस्बेथ दर रविवारी येते. हात मायेचा, पण ओट्यावर काही दिसलं की तिचा जीव घाबरा होतो. स्पंज सिंकखालच्या कपाटात, ब्रश खणात, तारेची घासणी कुठल्याशा डब्यात टाकून ती जायची. सोमवारपासून एवाल्ड शोधत बसायचा. एकदा ब्रश समजून सुरी धरली आणि तळहाताला चार टाके पडले. लिस्बेथने भिंतीला चिकटणारी प्लास्टिकची टोपली आणली. ती दर दोन दिवसांनी सुटून खरकट्या पाण्यात पडायची. "हिला पोहायची हौस आहे," एवाल्ड म्हणायचा.

टाके पडल्यावर लिस्बेथने वृद्धाश्रमाची गोष्ट काढली. घरातून हलणार नाही, हे एवाल्डने शांतपणे सांगितलं. शेवटी ठरलं की नगरपालिकेची बाई येईल, तो जेवण करून भांडी कशी घासतो ते बघेल आणि एकटं राहता येईल का ते सांगेल. मंगळवार ठरला.

त्याआधीच्या गुरुवारी सुतळी शोधत तो शेडमध्ये आला. बोटं माझ्यावरून फिरली आणि टवक्यावर थांबली. "अगं, तू अजून आहेस?" एवढंच तो म्हणाला.

त्याने गंज घासला, तेल लावलं आणि मला सिंकवर टांगलं. डावीकडे काचेसाठी स्पंज, मध्ये ताटांसाठी ब्रश, उजवीकडे तव्यासाठी घासणी. टवका लागला की ब्रश. तिथून बाकीचं आपोआप. आणि गंजलेल्या भोकांतून पाणी निथळून जायचं, स्पंज सकाळी कोरडा! जी माझी खोट तीच कामाला आली. तीन दिवस त्याने भांडी घासताना शीळ घातली.

रविवारी लिस्बेथ आली. गंजकं काहीतरी पाहून ती बाई काय म्हणेल, या काळजीने तिने जाताना मला उतरवून कपाटात ठेवलं. तिचा हेतू वाईट नव्हता. पाहुणे येणार म्हणून घर आवरलं. एवाल्डने सोमवारी भांडी साठवली होती, मंगळवारी घासून दाखवायची म्हणून. त्यामुळे मी जागेवर नाही हे त्याला कळलंच नाही.

मंगळवारी नगरपालिकेच्या डोर्टेबाई आल्या, लिस्बेथही आली. एवाल्डने हेरिंग मासा तळला, राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावासोबत तिघं जेवली. मग तो सिंकशी उभा राहिला. हात भिंतीवर गेला. दोन खिळे, बाकी काही नाही. मी कपाटाच्या फटीतून त्याचे पाय पाहत होते. ते हलत नव्हते.

"लिस्बेथ," तो म्हणाला, "जहाज कलंडलं तरी माझी कढई जागेवर असायची. इथे मात्र दर रविवारी वादळ येतं."

डोर्टेबाई लिहायच्या थांबल्या. लिस्बेथ गप्प राहिली असती तर वृद्धाश्रमाचं तिला हवं होतं ते झालं असतं. पण कपाटाचं दार उघडलं. तिने मला बाहेर काढलं, खिळ्यांवर टांगलं, तिन्ही वस्तू घातल्या. "उलटसुलट घातल्या असतील, बाबा."

त्याने टवका चाचपला, मग दोन्ही बाजूंचे पेले. "स्पंज आणि घासणीची अदलाबदल कर. बाकी ठीक."

मग त्याने काचेचे ग्लास, ताटं, तवा असं सगळं ओळीने घासलं. स्पंज पिळून जागेवर उभा केला. डोर्टेबाईंनी तव्यावर बोट फिरवून पाहिलं.

"एवाल्ड, माझा तवा इतका स्वच्छ नसतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथेच राहायचं. फक्त एक अट, आणि ती मुलीसाठी आहे. सिंकच्या आसपास कुणी आवरायचं नाही."

"मी तर आवरतच नव्हते," लिस्बेथ म्हणाली, आणि तिघंही हसली.

याला आता तीन वर्षं झाली. एवाल्डच्या गेल्या वाढदिवसाला लिस्बेथने मला नवं एनॅमल लावून आणायचं ठरवलं होतं. एवाल्ड म्हणाला, "टवक्याला हात लावलास तर केक मिळणार नाही." तुमच्याकडेही माझं तेवढंच मागणं आहे: अशी एखादी वस्तू कुणाच्या हाताखाली असेल तर तिला नवी करू नका. आणि कृपा करून हलवू नका.

त्या दिवशी जेवणानंतर एवाल्डचा हात माझ्याकडे आला आणि थबकला. "मधल्या पेल्यात हे काय घुसलंय?"

"कागदी झेंडा," लिस्बेथ म्हणाली. "वाढदिवसाला केकवर खोचतात तो. पण तुझ्यासाठी नाही, बाबा. या मांडणीसाठी."

त्याने झेंडा बोटांनी नीट चाचपला, ब्रशच्या शेजारी ताठ उभा केला आणि म्हणाला, "राहू दे. आजचा दिवस."

झेंडा अजून तिथेच आहे.