बरणीपुढे बसलेला कुत्रा

"गेला! गुडघा गेला! म्हणजे दुखणं गेलं हो!" असं ओरडत ऐंशीच्या मिस ओपल बूट भिरकावून चर्चच्या अंगणात नाचायला लागल्या. मागे अख्खा गाव 'हालेलुया' म्हणत खिदळत होता. प्रार्थनेनंतरच्या जेवणाला घरोघरून आलेली तळलेली कोंबडी आणि गोड रताळी लोकांनी बघता बघता फस्त केली, आणि आता ते रिकाम्या परातींकडे आशेने बघत होते.

"हे पवित्र हास्य!" टेबलावर चढून आमचा धर्मोपदेशक ब्रदर डेविट ओरडला. "आणि ही पवित्र भूक!"

आमच्या मिसिसिपीत गांजा चालतो तो फक्त औषध म्हणून. डॉक्टरांनी लिहून द्यायचं, कार्ड काढायचं, परवाना असलेल्या दुकानातूनच आणायचं. ब्रदरला हे बिलकुल खपत नसे. "कार्ड सरकारचं असेल, पण झाड सैतानाचं!" असं म्हणत तो दर रविवारी टोपली फिरवायचा. लोक आपापल्या गांजाच्या औषधी तेलाच्या बाटल्या तिच्यात टाकायचे, आणि बदल्यात मक्याच्या पावावर चमचाभर मंतरलेला मध मिळायचा.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. चमत्कार म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण त्या दिवशी मी धावतच रांगेपाशी गेले, कारण माझी बहीण व्हर्ना तिच्या लेकीची बाटली घेऊन रांगेत उभी होती. सात वर्षांच्या टॅन्सीला फेफरं येतं. डॉक्टरांनी थेंब मोजून ठरवलेल्या त्या तेलाने आत्ता कुठे तिचे झटके कमी झाले होते.

"व्हर्ना, वेड लागलंय का तुला?"

"ओपल नाचतायत ते दिसत नाही का? तू आपली कायम नाकाने कांदे सोल!"

"अगं, पोरीला झटका आला तर ब्रदर धावत येणार आहे का?"

तिने टॅन्सीचा हात धरून तिला पुढे ओढलं. रांग पुढे सरकली.

तेवढ्यात पोलीस हार्लन आपला म्हातारा कुत्रा घेऊन आला. बिस्किटने जन्मभर पोलिसात अमली पदार्थ हुंगले होते. आता त्याची कंबर धरली होती, तेव्हा त्यालाही आशीर्वाद हवा होता. बिस्किट लंगडत मधाच्या बरणीपाशी गेला, ती हुंगून चक्क खाली बसला. हलेचना!

"बघा!" ब्रदर गहिवरला. "मुका जीवही देवापुढे बसला!"

लोक रडायला लागले. हार्लनचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"हार्लन," मी विचारलं, "बिस्किट असा कधी बसतो रे?"

"ते... आपलं... दमला असेल." मागच्या रविवारी वर्दीतच यानेही दोन चमचे चाटले होते ना!

"खरं सांग! पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

त्याने टॅन्सीकडे पाहिलं. "माल सापडला की बसतो," तो पुटपुटला.

"त्याच्यावर आत्मा उतरलाय!" ब्रदर किंचाळला.

"मग बायबलपुढे बसवून बघू की!" मी म्हटलं.

बायबलपुढे बिस्किट बसला नाही. क्रुसापुढे नाही, कोंबडीच्या उरल्यासुरल्या हाडांपुढेही नाही. बरणीपुढे पुन्हा बसला. मग लंगडत ब्रदरच्या गाडीमागे जाऊन बसला. हार्लनने डिकी उघडली. आत मधाचे डबे आणि रिकाम्या बाटल्या, आणि एकीवर नाव मिस ओपल यांचं!

"म्हणजे माझंच तेल मला चाटवलं?" मिस ओपल कडाडल्या. "मेल्या, थांब तू!"

"तुमचंच नाही, साऱ्या गावाचं, एकत्र कालवून," मी म्हटलं. दुखणं दबलं, हसू फुटलं, भूक खवळली ती त्याच सैतानाच्या झाडाने. दुकानातली बाटली मोजलेली असते. या बरणीत किती नशा होती, हे ब्रदरलाही ठाऊक नव्हतं. आणि तो चमचा सात वर्षांच्या पोरीच्या तोंडात जाणार होता!

हार्लनने ब्रदरला बेड्या घातल्या. व्हर्ना बाटली छातीशी धरून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिने टॅन्सीचे थेंब मोजले, दोनदा मोजले.

बाबांनो, देवापुढे खुशाल गुडघे टेका. पण कुणाच्या बरणीपुढे टेकण्याआधी बिस्किटसारखं एकदा नाक तरी वापरा.