न जाळलेला तुकडा

मूठभर मातीची ढिगली, अजून ओलसर – म्हणजे उंदराचं बीळ नवं. मक्याच्या वाळल्या धाटांखाली एनेलेसीला ती दिसली आणि तिनं पायानंच चार धाटं तिच्यावर सारली, तान्ह्याचं सरकलेलं पांघरूण सारखं करावं तशी. पाठीवर बांधलेलं तिचं स्वतःचं तान्हं झोपेत कुरकुरलं.

आजूबाजूची शेतं काळी पडली होती. सुगी संपली की धाटं पेटवायची, बिळातून पळणारे उंदीर खायला टिपायचे... उरलेले सगळे आता तिच्या या एकट्या न जाळलेल्या शेतात येऊन राहिले होते, त्याला ती तरी काय करणार? बायकांचा गट, चर्च, शेतकी खातं आणि मुखिया – सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं: धाटं तिथंच कुजू द्यायची, ओल टिकते; आधी एनेलेसीचं शेत, मग ते बघून बाकीच्यांची. इथं काडी लावेल त्याला बकरा दंड, असं मुखियाच भर सभेत बोलला होता. उद्या गटातल्या बायका बघायला येणार होत्या.

"ताई, काडेपेटी दे." बांधावर तिचा धाकटा भाऊ लामेकी, खांद्यावर कुदळ.

"बकरा आहे का तुझ्याकडं?"

"मुखियानंच धाडलंय! राजधानीतून, लिलाँग्वेहून पाहुणे आलेत, त्यांना जेवायला उंदीर हवेत. म्हणाला, एनेलेसीकडं उंदीर माजलेत. एवढासा कोपरा गं, कोण बघतंय?"

"धूर सगळं गाव बघतं."

"मग बस कचरा राखत. आई म्हणते ते खोटं नाही – आळशी बाईचं शेत लांबून ओळखू येतं."

आई म्हणतेच... आणि बाबा? बाबा याच दिवसांत संध्याकाळी यायचे, काडीत ओळीनं अडकवलेले उंदीर, हातांना धुराचा वास, मक्याच्या पिठाच्या घट्ट न्सिमाच्या पहिल्या घासाबरोबर पहिला उंदीर तिला – तोंडाला पाणी सुटलं, आत्ताही. कमरेच्या गाठीत काडेपेटी होती. कोपरा काळा दिसला तर उद्या एकही बाई धाटं ठेवायची नाही. आणि मुखियाला नाही म्हटलं, तर जमिनीचा वाद निघाल्यावर शब्द त्याचाच चालणार...

"खणून काढ," ती म्हणाली. "सापडतील तेवढे ने. काडी नाही."

"दुपार जाईल की माझी!"

"जाऊ दे. आणि मुखियाला सांग, जाळायचंच असेल तर बकरा त्यांनी स्वतःच्या गोठ्यातला काढावा."

लामेकी खो खो हसला. ती हसली नाही. तो हे जसंच्या तसं सांगणार, हे तिला ठाऊक होतं.

कुदळीचे घाव पडू लागले. वाऱ्याबरोबर पाठीमागून धूर आला – तोच, बाबांच्या हातांचा – आणि तोंडाला पाणी सुटायची ती वाट बघत राहिली... सुटलं नाही. आजूबाजूचं तर सगळं आधीच जळालं होतं; मग हा धूर तिच्याच धाटांचा? आणि मागे वळून बघायच्या आधी तिचा हात पाठीवरच्या तान्ह्याकडे गेला.