बगळा छाप साबणाचा कर्णा

मित्रांनो, माणसाला देवाने कंठ दिला, पण त्या कंठाला वजन आणलं ते कर्ण्याने. जगातली मोठमोठी माणसं आमच्या तोंडून बोलली म्हणून मोठी झाली. माझ्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. माझ्या तोंडून आधी देवीची लस बाहेर पडली आणि मग कपडे धुण्याचा साबण.

तर मी तो जुना पत्र्याचा कर्णा. १९५६ साली यवतमाळात एका कारागिराने गोड्या तेलाचे दोन डबे कापून मला घडवलं. डब्यावरचं चित्र पुरतं निघालं नाही, त्यामुळे माझ्या पाठीवर आजही भुईमुगाची अर्धी शेंग आहे. ती मी दागिना समजत असे.

पहिली दोन वर्षं मी देवीची लस टोचणाऱ्या पथकात होतो. गावात शिरलं की शिपाई माझ्यातून ओरडे, "बायांनो, लेकरं घेऊन या." पाच मिनिटांत गावात एकही लेकरू उरत नसे. गावाबाहेर कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत मात्र बरीच हालचाल दिसे. आपला आवाज इतक्या लांब पोचतो, याचा मला फार अभिमान होता.

पुढे पथकाला नवा कर्णा आला आणि मला लिलावात वामनरावांनी घेतलं. ते बगळा छाप साबणाचे जिल्ह्याचे एजंट. त्यांनी मला शकूच्या हाती दिलं.

शकू पुसदची, एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. बाजारात उभं राहून साबण खपवायला बाई ठेवायची, ही गोष्ट आमच्याकडे नवीच होती. तिच्या वडिलांनी, पुंडलिकरावांनी, तिला दिवाळीपर्यंत मोकळीक दिली होती. तोवर नोकरी कायम झाली नाही, तर वणीचं स्थळ पक्कं. मुलगा चांगला होता म्हणे. पण शकूला साबण जास्त आवडत होता. वामनरावांनी अट घातली, "दारव्ह्याचे तीन बाजार कर. तिसऱ्याला मी गर्दी पाहायला येईन."

पहिल्या बाजारी तिने मला ओठांशी धरलं आणि हाक दिली, "बायांनो, या. लेकरं घेऊन या, त्यांचे कपडे घेऊन या."

बायांनी लेकरं काखेत मारली आणि धूळ उडवत निघून गेल्या. शकू बैलबंडीच्या आडोशाला बसून पदराने तोंड पुसत राहिली. आपलंच काही चुकलं, असं तिला वाटत होतं. मला कारण पहिल्याच हाकेला कळलं होतं. ते माझेच जुने श्रोते होते. पण पोरीच्या आवाजात दम नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. मित्रांनो, ही माझी पहिली लाज.

दुसऱ्या बाजारीही तेच झालं. फक्त एक बाई जागची हलली नाही. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची लालीबाई, डिंक विकायला बसलेली.

"सुई कुठी ठेवली वं?" तिने विचारलं.

"कोणती सुई? मी त साबण विकून राह्यली, मावशी."

"मंग हा भोंगा कायले आणला? ह्याच्या मांगं सुईच येते. माह्या दोन्ही पोरायले ह्यानंच टोचून घेतलं."

शकू माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली, मला जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, तुह्या पोराचा सदरा दे."

"सदरा घे. माह्या घागऱ्याले हात लावू नको, आरसे निघन त्याचे."

शकूने विहिरीवर बसून सदरा धुतला आणि झटकून लालीबाईपुढे धरला.

"अवं, हा त पांढरा होता," लालीबाई म्हणाली. "मले वाटे, मातीच्याच रंगाचा घेतलता."

तिसऱ्या बाजारी लालीबाईने अख्खा तांडा आणला. शकू मधोमध बसून धूत होती, बोलत होती, चिडवून घेत होती. मला तिने रुंद तोंडावर उपडं उभं केलं होतं आणि माझ्यावर ओले सदरे वाळत घातले होते. तेवढ्यात वामनराव आले. त्यांनी गर्दी पाहिली, गर्दीच्या मधोमध मला पाहिलं, एक सदरा बाजूला केला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"वा. कर्ण्याने काम केलं."

"साहेब, तो आज वाजलाच नाही," शकू म्हणाली.

"पोरी, एवढी गर्दी काय तोंडाने जमते? कर्णाच माणसं आणत असेल, तर तो धरायला आमचा भाचा घनश्याम आहे की."

मी ओरडण्यासाठी जन्मलो, आणि नेमका तेव्हा गप्प बसलो. माझं तोंड जमिनीत होतं, ही सबब मी बरीच वर्षं सांगितली. खरं म्हणजे ती थाप मला आवडली होती. शकू धुतलेले सदरे ज्याचे त्याला देऊन पुसदला परत गेली.

घनश्यामने मला वणीच्या बाजारात नेलं. माणूस दणकट, हाक त्याहून दणकट. दहा मिनिटांत बाजार मोकळा झाला. एक म्हातारा तेवढा जवळ आला आणि दंडावरची बाही वर करून उभा राहिला.

दिवाळीला चार दिवस असताना वामनराव मला सायकलच्या कॅरिअरला बांधून पुसदला शकूच्या दारी गेले.

"कायमचं पत्र आज द्या, येते मी," शकू म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "अन् हा भोंगा नाही."

पत्र मिळालं. पुंडलिकरावांनी ते दोनदा वाचलं आणि वणीच्या मंडळींना नकार कळवला. पुढे शकूने आणखी चार पोरी तयार केल्या. एकीच्याही हाती कर्णा दिला नाही.

आता मी दारव्ह्यात रॉकेलच्या दुकानात नरसाळं आहे. मला उलटा धरतात आणि बाटल्या भरतात. बाजाराला आली की शकू कधी रॉकेल घ्यायला येते, माझ्या अर्ध्या शेंगेवरून अंगठा फिरवते. माफी मागावी म्हणून मी जोर करतो, पण नुसतं गुळगुळ होतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाची शाबासकी आपल्या पाठीवर पडली, तर निदान खाकरावं तरी. आणि दुकानात आलात तर मालकांना एवढं सांगा, की कालपासून माझ्यात एक पाल बसली आहे. रॉकेल ओतण्याआधी मला एकदा झटकून घ्या.