बाबा कॅमेऱ्याला नाही म्हणतात

बाबांनी पुन्हा 'नको' दाबलं.

मी बनवलेलं पान उघडलं की फोन विचारतो, या पानाला कॅमेरा वापरू द्यायचा का? खाली दोनच बटणं. 'द्या' आणि 'नको'. बाबा जरा वेळ बघतात, 'नको' दाबतात आणि फोन उपडा ठेवतात. एकदा नको म्हटलं की फोन परत विचारतसुद्धा नाही. मग मी सेटिंगमध्ये जाऊन ते पुसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाबांचं केस कापायचं दुकान आहे. म्हणजे आहे, पण सध्या बंद. त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हात वाचले, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि जीभ जड झाली. आता हा माणूस किती बोलायचा ते सांगतो. एक पूर्ण टकले काका नेमाने दुकानात यायचे. बाबा म्हणायचे, "काका, तुमचं कापू काय?" काका म्हणायचे, "तू नुसती कात्री वाजव रे, आणि बोल."

तर आता तो माणूस गप्प.

बोलण्याचे व्यायाम देणाऱ्या मॅडम दुसऱ्या शहरात असतात. गाल फुगवा, ओठ पसरा, 'प' म्हणा, 'ब' म्हणा. हे रोज कॅमेऱ्यासमोर करायचं. ओठ नेमका कुठे अडतोय ते बघितल्याशिवाय त्यांना पुढचा व्यायाम देता येत नाही. "सुरुवातीचे महिने वाया घालवू नका," त्या म्हणाल्या. "नंतरही सुधारतं, पण फार हळू."

व्हिडिओ काढा, शोधा, पाठवा, ही भानगड बाबांना जमत नव्हती. म्हणून मी ते पान बनवलं. उघडायचं, व्यायाम करायचा, रेकॉर्डिंग आपोआप जाणार. मी हे कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. बघत बघत, आपटत आपटत शिकलो. एक गोष्ट कुठेतरी वाचली होती, की लोक कॅमेऱ्याला घाबरतात कारण त्याला काय दिसतंय ते त्यांना कळत नाही. म्हणून मी बाबांचा चेहरा पूर्ण स्क्रीनभर दाखवला. लपवाछपवी नाही. कॅमेऱ्याला दिसतं ते तुम्हालाही दिसतं. फार खूश होतो मी स्वतःवर.

बाबांनी तो चेहरा पहिल्या दिवशी बघितला. दुसऱ्या दिवसापासून 'नको'.

"त्यांना वाटत असेल सगळ्या जगाला दिसतंय," आई म्हणाली.

"तू नीट समजावलं नसशील," ताई म्हणाली. "तू समजावतोस म्हणजे तेच वाक्य मोठ्याने म्हणतोस."

"मग तू समजाव ना!"

"बघ. आत्ता केलंस ना, तेच."

बाबा तिथेच बसले होते. पेपर तोंडासमोर धरून.

शेवटी माझी सटकली. बाबा आंघोळीला गेले होते. मी त्यांचा फोन घेतला आणि मीच 'द्या' दाबलं. कायमचं. आता फोन विचारणारच नाही. मला वाटलं, कडू औषध नाक दाबून पाजतात, तसंच हे.

बाबांनी पान उघडलं आणि काही न विचारता चेहरा समोर आला. ते बघत राहिले. मग उठले, कपाटातून चिकटपट्टी काढली. वस्तरा लागला की गिऱ्हाइकाच्या हनुवटीला लावायचे, ती छोटी. ती फोनच्या कॅमेऱ्यावर लावली, कडा बोटाने नीट दाबल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

"बाबा, काय हे?"

"मी… ना… नाही म्हटलं… होतं."

किती दिवसांनी पूर्ण वाक्य बोलले. आणि ते हे.

पुढचे दोन दिवस घरात भांडीच तेवढी वाजत होती. मग आईने तोड काढली. "याच्या डोक्याचं जंगल झालंय," ती बाबांना म्हणाली. "माणसात आणा जरा."

"दुकानात जाऊ या ना," मी म्हटलं. "इथे सगळीकडे केस होतील."

बाबांनी नाही अशी मान हलवली आणि खुर्ची गॅलरीत ओढली. भिंतीकडे तोंड करून. हात पहिल्यासारखेच चालत होते. कानाशी आले की कात्री हळू, मानेशी आले की भरभर. फक्त वरून बोलणं नव्हतं. इतकं शांत बसून मी आयुष्यात केस कापून घेतले नव्हते.

झाल्यावर बघायला गॅलरीत आरसा नव्हता, म्हणून मी माझ्या फोनचा पुढचा कॅमेरा लावला. स्क्रीनवर मी, आणि मागे बाबा. ते चटकन बाजूला झाले. मला वाटलं, मला नीट दिसावं म्हणून. मी फोन जरा कलता केला, तर ते दुसऱ्या बाजूला सरकले. चटका बसल्यासारखे.

मी फोन खाली ठेवला.

दुकानात तीन भिंतींना आरसे आहेत. आणि मी त्यांच्याकडे वळून बघितलं, तर हनुवटीखाली दाढीचे पुंजके राहिलेले. दुसऱ्यांची दाढी गुळगुळीत करणारा माणूस स्वतःची दाढी चाचपून करत होता. आणि मी त्यांचाच चेहरा स्क्रीनभर त्यांच्यासमोर ठेवला होता, विश्वास वाटावा म्हणून.

त्याच दुपारी मी तो चेहरा काढून टाकला. पांढरी स्क्रीन, मोठ्या अक्षरात व्यायाम, आणि कॅमेरा चालू आहे हे सांगणारा एक लाल ठिपका. कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी काढली, पण दिलेली परवानगीही पुसली. फोनने परत विचारायला हवं होतं.

"बाबा, आता तुम्हाला तुम्ही दिसणार नाही," मी सांगितलं. "फक्त मॅडमना दिसेल."

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "तु… तुला?"

नाही म्हणून मोकळा होणार होतो. पण रेकॉर्डिंग आधी माझ्याकडे येतं, मग मॅडमकडे जातं. मीच तसं बनवलंय.

"दिसतं," मी म्हटलं. "आधी मलाच दिसतं."

बाबांनी एका बोटाने फोन माझ्याकडे सरकवला. रागाने नाही.

मॅडमसमोर तोंड उघडणं म्हणजे डॉक्टरसमोर उघडणं. मी मुलगा. इतकं साधं होतं. आणि मी आजवर एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं की मला हे बघायची गरज काय.

रेकॉर्डिंग कुलूपबंद होऊन थेट मॅडमकडे जाईल आणि किल्ली त्यांच्याकडेच राहील, हे करायला मला बरीच डोकेफोड करावी लागली. अनोळखी लोकांना इंटरनेटवर बावळट प्रश्न विचारले, शिव्याही खाल्ल्या.

"मग चाललंय की नाही, तुला कसं कळणार?" ताईने विचारलं.

"नाही कळणार."

"वा. बनवणारा तू, आणि तुलाच प्रवेश नाही."

"हो."

ती काहीतरी टोमणा मारणार होती. मारला नाही.

सकाळी मी बाबांच्या शेजारी पलंगावर बसलो. "आता मलाही दिसणार नाही," मी म्हटलं. "हवं तर मॅडमना विचारा."

त्यांनी पान उघडलं. फोनने विचारलं. बाबांनी तो प्रश्न पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचला. अंगठा खाली गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे.

"हो हो, जातो."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आई स्वयंपाकघरातून आली, हात पदराला पुसत. "दाबलं का?" ती कुजबुजली.

"माहीत नाही."

"अरे, मग बघ ना!"

"नाही बघायचं."

आतून काहीच नाही. बराच वेळ नाही. मग 'प'. मग 'प, प'. मग खूप वेळ काही नाही, आणि मग ओला, फुटका, अर्धी हवाच असलेला 'ब'.

आई दाराकडे निघाली. मी तिचा हात धरला.