भिंतीची चार बोटं

"मी आत फुगून फुटेन का?"

मित्रांनो, या मुलीशी तिच्या मैत्रिणींनी पैजच लावली होती, विचारून दाखव म्हणून. आणि हिने माझ्या दारात उभं राहून डॉक्टरबाईंना खरंच विचारलं. मला हसू आवरेना. मी एक जुनी पोलादी कोठी आहे. शिकलेली माणसं मला प्रेशर चेंबर म्हणतात. माझ्या पोटात कोणी फुगत नाही. उलट आत हवेचा दाब वाढला की फुगासुद्धा मुकाट्याने आकसतो!

माझा जन्म समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी झाला. खोलातून घाईने वर आलेल्यांना मी सावकाश ताळ्यावर आणायचे. केवढा मान होता मला! पुढे गोदी बंद पडली आणि मला या डोंगरातल्या इस्पितळात आणून टाकलं. माझ्यात गाद्या रचून ठेवायचे. गाद्या, मित्रांनो!

आणि मग ही आली. शाळेच्या संघाची गोलकीपर. मैत्रिणी तिला 'भिंत' म्हणतात. बर्फात गेलेला चेंडू शोधताना तिने ओला हातमोजा काढला, आणि डाव्या हाताची चार बोटं मेणासारखी पांढरी पडली. मामाने मायेपोटी ती बर्फानेच चोळली. तसं कधी करू नका बरं. गारठून बधिर झालेलं अंग चोळायचं नाही, तडक डॉक्टर गाठायचा.

डॉक्टरबाईंनी हाताला कोमट पाण्यात ऊब दिली. बोटं सुजून जांभळी झाली, तेव्हा त्यांनी माझं नाव काढलं. बाबांचं म्हणणं, थोडी वाट पाहू, रंग येईल. आईला तर माझीच धास्ती. डॉक्टरबाई म्हणाल्या, आपण थांबू, पण बोटं थांबणार नाहीत. बाबांनी मान डोलावली.

गाद्या भराभर बाहेर! माझी झडप न् झडप तपासली गेली. भिंतीने पैजेचा प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि ठिणगी उडू नये म्हणून सुती कपड्यांत आत शिरली. हवा सूंऽऽ करत आली. तिच्या कानांना दडे बसले, ती आवंढे गिळत राहिली. मास्कमधून प्राणवायू छातीत, छातीतून रक्तात, रक्तातून उपाशी बोटांत! मी सांध्यासांध्यातून जोर लावत होते. ती रोज येत राहिली. एके दिवशी तर्जनी गुलाबी. मग मधलं बोट, मग अनामिका! मैत्रिणी माझ्या खिडकीच्या काचेला नाकं लावून बघायच्या.

करंगळीचं टोक मात्र काळं पडलं. काही आठवड्यांनी आईबाबा माझ्या दाराशी कुजबुजत होते, हिला कसं सांगायचं, आता खेळ तर बंदच. तेवढ्यात भिंत बाहेर आली, मास्कचे वळ गालांवर तसेच.

"आई, बाबा, मला दिसतंय ते. टोक काढायला मी हो म्हणणार आहे. आणि पुढच्या हंगामात गोलात मीच उभी राहणार. हातमोज्याचं एक बोट तेवढं आखूड करून द्या."